'भूकंपरोधक' म्हणजे नेमकं काय?

आज एकाच शब्दावर बोलायचं आहे. फ्लॅटच्या जाहिरातीत तो छापलेला असतो: 'भूकंपरोधक'. रत्नागिरी भूकंपप्रवण भागात येते, म्हणून तो वाचून आपल्याला बरं वाटतं. माझी हरकत त्या बरं वाटण्यालाच आहे.

रोधक म्हणजे रोखणारा. पण भारतीय मानक संहिता असं काही कबूलच करत नाही. तिची अपेक्षा एवढीच, की मोठ्या धक्क्यात इमारतीला तडे गेले तरी ती कोसळू नये, आतली माणसं वाचावीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. नंतर ते मजबूत केलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. तडा जाणं वेगळं आणि कोसळणं वेगळं. जाहिरातीतला शब्द हा फरकच पुसून टाकतो.

आता हा फरक कशावर ठरतो बघा. खांबातल्या उभ्या सळयांना रिंगा घालतात. रिंगेची टोकं १३५ अंशांत आत वळवावीत, असं संहिता सांगते. ९० अंशांतच सोडली, तर हादऱ्यात वरचं काँक्रीट सुटतं, रिंग उघडते, सळया वाकतात आणि खांब बसतो. काँक्रीट ओतल्यावर हा कोन कुणालाच दिसत नाही. वळवणाऱ्या कारागिराला मजुरी बहुधा सळईच्या वजनावर मिळते, कोनावर नाही. मग दोष एकट्या त्याचा कसा?

दुसरं, पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला तळमजला. वरती भिंती, खाली नुसते खांब. २००१ च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत, अशा कित्येक इमारती पडल्या. तळमजला मोकळा ठेवता येतो, पण मग तिथले खांब आणि भिंती हिशेब करून जास्त मजबूत कराव्या लागतात.

म्हणजे 'भूकंपरोधक' हा काही सोन्याच्या पिवळेपणासारखा वस्तूचा गुण नव्हे. आराखडा काढणारा, सळई वळवणारा, तपासणारा, अशा अनेकांनी पाळलेला तो शब्द असतो. आपण विशेषण विकत घेतो आणि माणसांना विचारायचं विसरतो.

तेव्हा घर घेताना दोन प्रश्न विचारा. काँक्रीट ओतण्याआधी रिंगा कुणी तपासल्या, फोटो आहेत का? आणि मोकळ्या तळमजल्याचा हिशेब कोणत्या अभियंत्याने सही करून दिला? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.