मनगटावरचे घड्याळ आणि ८४ टक्क्यांचा अर्थ

रुग्ण एकीकडे आणि त्याच्या हृदयाचे ठोके टिपणारे यंत्र दुसरीकडे, ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. विलेम आइंटहोवन या डच शास्त्रज्ञाने १९०५ साली लायडन शहरातले रुग्णालय आणि आपली प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारांनी जोडली होती. मधले अंतर सुमारे दीड किलोमीटर. त्याचा गॅल्व्हानोमीटर पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचा होता. तो रुग्णाच्या खाटेपाशी नेणे शक्य नव्हते, म्हणून रुग्ण रुग्णालयातच मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसे आणि त्याच्या हृदयातले विद्युत बदल तारेवरून प्रयोगशाळेत पोहोचत. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर याने चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी मिळवला. त्यासाठी सुमारे ३८ किलोचे यंत्र पाठीवर घ्यावे लागे! आज डॉक्टर ‘होल्टर लावू या’ म्हणतात तो हाच होल्टर. यंत्र मात्र आता खिशात मावते.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट आपण गृहीत धरतो. रुग्णाला काहीतरी तक्रार होती. चक्कर येत होती, छातीत धडधडत होते, दम लागत होता. यंत्र आले ते त्या तक्रारीचे कारण शोधायला. गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या मनगटी घड्याळांनी हा क्रम उलटा केला आहे. आधी यंत्र बांधायचे, तक्रार नसली तरी चालेल. शंका काढायचे काम यंत्राचे. मला या यंत्रांवर जी टीका करायची आहे ती या उलट्या क्रमाबद्दल आहे. त्यांच्या कारागिरीबद्दल नाही, कारागिरी उत्तम आहे.

ही घड्याळे दोन वेगळी कामे करतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले काम नाडी पाहण्याचे. घड्याळाच्या पाठीतून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त हिरवा प्रकाश बराच शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधले अंतर कळते. दुसरे काम ईसीजीचे. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या कडेला टेकवले की दोन हातांमधला विद्युत दाबातला फरक सुमारे अर्धा मिनिट नोंदवला जातो. ही नोंद फोनवर जाते आणि तिथून हवी तर दूरच्या संगणकाकडे किंवा डॉक्टरकडे. रुग्णालयात काढतात तो ईसीजी बारा बाजूंनी हृदयाकडे पाहतो; घड्याळाचा एकाच बाजूने. एका झरोक्यातून वाड्यातला एक चौक दिसावा तसे.

नाडीच्या कामाची सर्वांत मोठी चाचणी अमेरिकेत झाली. अ‍ॅपल कंपनीने तिचा खर्च केला, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ती चालवली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती प्रसिद्ध झाली. शोधायचे होते ‘एट्रियल फिब्रिलेशन’. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडी अनियमित होते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होऊ शकतो. म्हणजे शोधण्याजोगा विकार आहे, यात वाद नाही. ४,१९,२९७ लोक सहभागी झाले. त्यांपैकी २,१६१ जणांना ‘तुमची नाडी अनियमित आहे’ असा इशारा घड्याळाने दिला. अशांना छातीवर चिकटवायची ईसीजी पट्टी टपालाने पाठवली जाई. पट्टी वापरून परत पाठवणारे आणि जिच्यातली नोंद तपासता आली असे निघाले फक्त ४५०. त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या पट्टीत हा विकार दिसला. याशिवाय, पट्टी अंगावर असतानाच घड्याळाने पुन्हा इशारा दिला तेव्हा तो ८४ टक्के वेळा खरा निघाला.

पुढे गाजला तो हा ८४ चा आकडा. ‘घड्याळ ८४ टक्के अचूक आहे’ असे त्याचे भाषांतर सर्रास केले जाते, आणि ते चूक आहे. पट्टी लावून बसलेल्या, आधीच एकदा इशारा मिळालेल्या थोड्या लोकांमध्ये दुसरा इशारा किती वेळा खरा ठरला, एवढेच तो सांगतो. चार लाखांतल्या कोणालाही सकाळी उठल्यावर आलेल्या पहिल्या इशाऱ्याबद्दल तो काही सांगत नाही. तसा ३४ चा आकडाही घड्याळाच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, कारण हा विकार येऊन-जाऊन असतो आणि पट्टी घरी पोहोचेपर्यंत नाडी पुन्हा सरळ झालेली असू शकते.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. ज्यांना इशारा मिळाला नाही त्या चार लाख सतरा हजार लोकांना पट्टी लावलीच नव्हती. त्यांच्यातल्या किती जणांचा विकार घड्याळाच्या नजरेतून निसटला? हे या चाचणीतून कळूच शकत नाही. नापास झालेल्यांचे पेपर तेवढे पुन्हा तपासायचे, आणि चुकून पास झालेले किती ते कधी पाहायचेच नाही, असा हा प्रकार. संशोधकांनी आपल्या मर्यादा निबंधात प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत. त्या वाचायचे कष्ट विक्रेते घेत नाहीत आणि बातमीदारही घेत नाहीत.

आणखी एक. सहभागी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक चाळिशीच्या आतले होते. त्यांच्यात इशारा मिळाला ०.१६ टक्के लोकांना. पासष्टीच्या पुढच्यांत ३.१ टक्क्यांना. वयाने एवढा फरक का पडतो, आणि त्याचा इशाऱ्याच्या खरेपणाशी काय संबंध, हे वर्गात साध्या गुणाकाराने दाखवता येते. मानून घेऊ की एखादे यंत्र १०० रुग्णांपैकी ९८ पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी फक्त दोघांना खोटा इशारा देते. (हे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही घड्याळाचे नाहीत.) १०,००० तरुणांमध्ये १० जणांना विकार असेल, तर यंत्र बहुधा ते दहाही पकडेल, पण उरलेल्या ९,९९० पैकी सुमारे २०० जणांनाही घाबरवील. म्हणजे एकवीस इशाऱ्यांमागे खरा एक. आता १०,००० वृद्धांमध्ये ५०० जणांना विकार आहे असे धरा. खरे इशारे ४९०, खोटे १९०. दहांतले सात खरे. यंत्र तेच, अचूकता तीच, पण इशाऱ्याचा अर्थ बदलला. ‘हे यंत्र किती टक्के बरोबर?’ या प्रश्नाला ‘कोणावर वापरले?’ हे विचारल्याशिवाय उत्तर नसते. अकरावी-बारावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना फाशांपेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

बरे, विकार खरोखर सापडला, तर पुढे काय? सापडणे म्हणजे फायदा होणे, असे आपण नकळत धरून चालतो. डेन्मार्कमधल्या एका चाचणीने याचीच परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०२१ साली लॅन्सेटमध्ये आले. सत्तर ते नव्वद वयाचे, पक्षाघाताचा धोका वाढवणारे किमान एक कारण असलेले ६,००४ लोक घेतले. त्यांतल्या १,५०१ जणांच्या छातीच्या त्वचेखाली एक छोटा नोंदक बसवला. तो हृदयाची लय सतत पाही आणि त्याच्या नोंदी घरूनच दूरच्या केंद्राकडे जात. बाकीच्यांची देखभाल नेहमीसारखी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात नोंदक बसवलेल्यांत विकार सापडला ३१.८ टक्के लोकांना, इतरांत १२.२ टक्क्यांना. रक्त पातळ ठेवणारी औषधे पहिल्या गटात दुपटीहून अधिक लोकांना सुरू झाली. आणि पक्षाघात किंवा तत्सम गुठळीचा त्रास? पहिल्या गटात ४.५ टक्के, दुसऱ्यात ५.६. हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर म्हणता येत नाही. काही मिनिटांपुरते येऊन जाणारे, केवळ अखंड पाहिल्यामुळे सापडणारे सगळेच झटके औषध देण्याजोगे नसावेत, असा याचा एक अर्थ निघतो. या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे ‘दिले तर बिघडले कुठे?’ असेही म्हणता येत नाही.

खोट्या इशाऱ्यापेक्षा खोटा दिलासा मला जास्त घातक वाटतो. छातीत दुखू लागलेल्या माणसाने घड्याळावर बोट ठेवले, पडद्यावर लय नियमित असल्याचे आले, आणि तो अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन झोपला, तर? हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद पडते. लय बराच वेळ नियमित राहू शकते. घड्याळाच्या एका झरोक्यातून तो झटका न दिसणे अगदी शक्य आहे. आपला ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही, असे अ‍ॅपल स्वतःच सांगते. पण ते वाक्य किती जण वाचतात? छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर बारा बाजूंचा ईसीजी निघेल तिथे जायचे, घड्याळ काहीही म्हणो.

दूरच्या संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. तमिळनाडूत अशा झटक्याच्या रुग्णांसाठी छोटी रुग्णालये मोठ्या हृदयरोग केंद्रांना जोडण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली जामा कार्डिऑलॉजीत आले. छोट्या रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो तज्ज्ञाला दुरूनच दिसायचा, आणि रुग्णाला कुठे न्यायचे, कोणते उपचार करायचे हे ठरायचे. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासात वर्षभरातल्या मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. ही तुलना योजनेच्या आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांमधली आहे, तेव्हा सगळे श्रेय तारांना देता येणार नाही; रुग्णवाहिका आणि विमा योजनाही तिच्यात गुंफलेल्या होत्या. पण रचना पाहा. तक्रार आधी, यंत्र नंतर, आणि यंत्राच्या मागे लगेच काहीतरी करू शकणारा माणूस.

तुमच्यापैकी कोणाकडे असे घड्याळ असेल, तर ते वर्गात घेऊन जाण्यासारखे आहे. एका विद्यार्थ्याच्या मनगटावर ते बांधावे आणि दुसऱ्याने त्याच्या दुसऱ्या हाताची नाडी बोटांनी मिनिटभर मोजावी. आधी बसून, मग जिना चढून आल्या आल्या, मग मनगट हलवत ठेवून. तिन्ही वेळचे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. फरक कुठे पडला आणि हिरव्या प्रकाशाचे तिथे काय झाले असावे, याचा तर्क मुलांनाच करू द्यावा.