जागा की खूण? पक्ष्याच्या डोक्याचं चित्र वाचताना

बहुतेक फील्ड गाइडच्या सुरुवातीला एक चित्र असतं. पक्ष्याचं डोकं आणि भोवती बाण : कपाळ, लोर, सुपरसिलियम, कानावरची पिसं, हनुवटी, कंठ. पक्षी ओळखायला हे चित्र छानच आहे. पण तुम्ही ते जसंच्या तसं थिसिसमध्ये उचललंत तर पंचाईत होते, कारण त्यात दोन वेगळ्या जातींचे शब्द एकाच रांगेत बसवलेले असतात.

लोर ही जागा आहे, डोळा आणि चोच यांच्या मधली. ती कावळ्याला आहे तशी धोब्यालाही आहे. सुपरसिलियम, म्हणजे भुवई, ही मात्र रंगाची खूण आहे. मोठ्या धोब्याला ती ठसठशीत पांढरी असते, कावळ्याला नसतेच. आता तुमच्या तक्त्यात 'भुवईची लांबी' असा कॉलम असेल, तर कावळ्यापुढे काय लिहाल? शून्य म्हणजे 'पाहिलं, पट्टा नाही'. रिकामी चौकट म्हणजे 'मोजलंच नाही'. विश्लेषण करताना हा फरक फार महागात पडतो.

काही शब्द तर सरळ दिशाभूल करतात. शृंगी घुबडाची 'शिंगं' म्हणजे नुसते पिसांचे तुरे. ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही. कानाची छिद्रं डोक्याच्या बाजूला, पिसांखाली झाकलेली असतात.

यावर उपाय म्हणून 'नॉमिना अ‍ॅनाटॉमिका एव्हियम' दाखवलं जातं. पहिली आवृत्ती १९७९ची, दुसरी १९९३ची. अवयवांना ठरलेली लॅटिन नावं देण्यात हा ग्रंथ पक्का आहे. पण तो शरीररचनेचा ग्रंथ. रंगाच्या पट्ट्यांसाठी तुम्हाला फील्ड गाइडकडेच यावं लागतं. शिवाय नाव ठरलं म्हणजे मोजमाप ठरलं असंही नाही. कल्मेन म्हणजे वरच्या चोचीची वरची कड, हे सगळ्यांना मान्य. पण मोजायची कुठून? कवटीपासून, पिसं संपतात तिथून, की नाकपुडीपासून? शिकारी पक्ष्यांत चोचीच्या मुळाशी सेर नावाची मऊ त्वचा असते, ती धरायची की सोडायची? दोघांनी दोन रीतींनी मोजलं, तर ते आकडे एकत्र करता येत नाहीत.

म्हणून चित्र जरूर वापरा, पण प्रत्येक बाणाला विचारा : ही जागा आहे की खूण? आणि मोजणार असाल, तर कुठून कुठपर्यंत? ही उत्तरं पद्धतीच्या प्रकरणात लिहा, तीही पहिला पक्षी मोजण्याआधी.