नाव झाकून बघा

'साभार परत'चं पाकीट आपल्याला नवं नाही. ही गोष्ट मात्र अमेरिकेतली. पीटर्स आणि सेसी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी बड्या विद्यापीठांतल्या लेखकांचे छापून आलेले १२ निबंध घेतले. नावं बदलली, विद्यापीठाच्या जागी कुणी न ऐकलेली संस्था टाकली, अन् ज्या नियतकालिकांनी ते छापले होते त्यांच्याकडंच परत धाडले. ओळखले गेले फक्त ३. उरलेल्या ९ पैकी ८ नापास! कारण? बऱ्याच जणांनी लिहिलं, संशोधनपद्धतीत गंभीर दोष. हे सगळं १९८२ साली छापून आलं.

मजकूर तोच, मग दोष आला कुठून? कुणी म्हणेल, नावाचा काय संबंध, परीक्षणच बेभरवशाचं. बरं, तसं समजू. मग ती 'गुणवत्ता' कुठल्या तोंडानं आमच्यापुढं नाचवता?

आता बऱ्याच ठिकाणी नाव झाकून तपासतात. चांगलंच आहे. पण बोली कशी झाकणार? पहिल्याच ओळीत ती वस्तीचा पत्ता सांगते. तपासणाऱ्याच्या खुर्चीत कोण बसलाय, हा सवाल उरतोच.

अन् दोस्तांनो, आपल्या या पानांसाठी आलेलं तरी आपण नाव झाकून वाचतो का?