मळसूत्र आणि आटे

‘मळसूत्र’ हा शब्द कुणा पंडिताने बसून पाडला असावा, असा माझा कित्येक वर्षे ग्रह होता. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो दिसला आणि मी ओशाळलो.

तरीही, वाचकहो, माझे मत कारखान्याच्याच बाजूचे. मळसूत्र म्हणजे सबंध स्क्रू. त्यावरच्या फिरत्या खाचांना मिस्त्री ‘आटे’ म्हणतो. आटे पाडतात, ते झिजतात. वाकडा जोर लागून गेले, की नट नुसता फिरत राहतो. (हिंदी कारागीर त्यांनाच ‘चूडी’ म्हणतो. काय नजर आहे!) इंग्रजी गिम्लेटचे तर ‘गिरमिट’ झाले आणि लाकूड सोडून आपल्या डोक्यालाही लागू लागले. असले शब्द गावंढळ ठरवून पुस्तकातून गाळायचे, तर मिस्त्र्याच्या पोराने बापाकडून ऐकलेली विद्या तंत्रशाळेच्या दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावी काय?