पाऊल घसरलेली आई : गॅस्केलची ‘रूथ’ पुन्हा वाचताना

मागच्या व्याख्यानात आपण प्रायश्चित्त या कल्पनेविषयी बोललो. आज तीच कल्पना एका कादंबरीत तपासून पाहू. कादंबरी आहे एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘रूथ’, १८५३ साली प्रसिद्ध झालेली. आणि सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी ही कादंबरी नीतिशास्त्राच्या वर्गात बरीच वर्षं चुकीची शिकवली. ती कशी, ते पुढे सांगतो.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. रूथ हिल्टन ही आईबापाविना पोरकी, सोळाच्या आसपासची मुलगी. शिवणकाम शिकायला एका बाईकडे राहते. बेलिंगहॅम नावाचा श्रीमंत तरुण तिच्या आयुष्यात येतो. त्याच्याबरोबर ती फिरताना दिसली, एवढ्यावरून मालकीण तिला कामावरून काढते. जायला घर नाही. तो तिला आधी लंडनला, मग वेल्समध्ये नेतो. तिथे तो आजारी पडतो, त्याची आई येते, त्याला घेऊन जाते आणि रूथसाठी पन्नास पौंडांची नोट ठेवते. झाला हिशेब पुरा!

आता बघा, आपण सहज म्हणतो, ‘मुलीचं पाऊल घसरलं.’ पण पायाखालची जमीन कोणी काढून घेतली, हे विचारत नाही. गॅस्केलबाई ते विचारतात. म्हणून तर पुस्तक आल्यावर मँचेस्टरला त्यांच्या पतीच्याच चर्चमधल्या दोघांनी ते जाळलं.

जीव द्यायला निघालेल्या रूथला थर्स्टन बेन्सन हा पाठीत बाक असलेला गरीब धर्मोपदेशक सावरतो. ती गरोदर आहे हे कळतं तेव्हा त्याची बहीण फेथ हादरते. तिला सगळ्यात जास्त कशाचा धक्का बसतो? तर रूथला आनंद झाला याचा! बेन्सन मात्र म्हणतो की हे मूल म्हणजे पापाची खूण नव्हे. उलट त्याच्याच निमित्ताने ती वर येईल. त्या काळी हे म्हणणं फार धाडसाचं होतं, हे विसरू नका.

पण धाडसालाही कुंपण असतं. भाऊबहीण तिला ‘मिसेस डेन्बी’ नावाची विधवा म्हणून गावात आणतात. घरची मोलकरीण सॅली, जिभेने तिखट आणि मनाने प्रेमळ, रूथचे सुंदर लांब केस कापते. विधवा शोभली पाहिजे ना! हा प्रसंग आपल्याला जास्तच बोचतो, कारण केशवपन काय असतं हे आपल्या घरांनी पाहिलेलं आहे.

आता माझी चूक. मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगायचो, ‘पाहा, मातृत्वाने रूथ शुद्ध झाली.’ एके वर्षी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, आईचं पाप धुवायला जन्म घ्यायचा, असं त्या पोराने कबूल केलं होतं का?’ वर्ग हसला. मी विषय बदलला. घरी गेल्यावर मात्र झोप लागली नाही. कारण मी स्वतः कांट शिकवत होतो! माणसाला केवळ साधन मानू नये, तो स्वतःच साध्य आहे, हे १७८५ सालच्या ग्रंथातलं सूत्र मी फळ्यावर लिहीत असे. आणि इथे एक अख्खं मूल साधन झालेलं मला दिसलं नव्हतं.

त्या प्रश्नानंतर कादंबरी वेगळीच दिसू लागली. ब्रॅडशॉ हा गावातला बडा व्यापारी. त्याच्या मुलींना रूथ शिकवत असते. सत्य बाहेर येतं तेव्हा तो तिला घरातून हाकलतो. मग रूथला लेनर्डला, आपल्या लहानग्या मुलाला, स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं की तू लग्नाबाहेर जन्मलास. तो पोर बाहेर पडायला लाजू लागतो. आईच्या उद्धाराची किंमत कोण मोजतंय? तर ज्याने काहीच केलेलं नाही, तो!

म्हणजे मातृत्वाने रूथला काहीच दिलं नाही का? दिलं, फार मोठं दिलं. पण ते प्रायश्चित्त नव्हतं. बेलिंगहॅम नाव बदलून, निवडणुकीचा उमेदवार म्हणून परत येतो. समुद्रकिनाऱ्यावर तो तिला लग्नाची मागणी घालतो, मुलाच्या भविष्याचं आमिष दाखवतो. रूढ नीतीने पाहिलं तर डाग पुसायची हीच संधी. रूथ नकार देते. का? तर माझा मुलगा तुझ्यासारखा होऊ नये म्हणून. माझ्या मते कादंबरीचा कळस इथे आहे. आईपणाने तिला न्याय करण्याचं बळ दिलं. आयुष्यभर जिचा निवाडा इतरांनी केला, ती इथे स्वतः निवाडा करते.

लेखिकेला मात्र तेवढ्यावर थांबवलं नाही. पुढे टायफसची साथ येते, रूथ परिचारिका होऊन शेकडोंची सेवा करते, गाव तिला मानतं. शेवटी त्याच बेलिंगहॅमची शुश्रूषा करून ती तापाने मरते. तो बरा होतो! कथानक आधी कळलं तेव्हाच शार्लट ब्रॉन्टीने गॅस्केलबाईंना विचारलं होतं, तिने मरायचं कशासाठी? माझं उत्तर असं : मूल जन्माला घालून खातं बंद होत नाही, सेवा करूनही नाही, म्हणून शेवटी जीव जमा करावा लागतो. कर्ज तिच्या नावावर मुळात लिहिलं कोणी, हा प्रश्न विचारला नाही की व्याज असंच वाढत जातं.

तरीही कादंबरी वाचाच. गॅस्केलबाईंनी रूथला माणूस म्हणून उभं केलं, म्हणून तर तिच्या मरणाविरुद्ध आपण आज भांडू शकतो.

आणि ती विद्यार्थिनी कुठे ऐकत असेल, तर तिला एवढंच सांगायचंय : बाई, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. उत्तर द्यायला मला उशीर झाला.