चित्रतुरग आणि दगडी तट : लुईबर्ग येथील ‘जिवंत इतिहासा’चे वाचन

‘इतिहास’ या शब्दातच ‘असे खरोखर घडले’ हे विधान गृहीत आहे. लिखित इतिहासात या विधानाला पुराव्याचा आधार द्यावा लागतो. कादंबरीत व नाटकात त्याला कल्पनेची जोड मिळते आणि ती जोड मान्य करूनच वाचक-प्रेक्षक कलाकृतीपाशी येतो. या दोहोंच्या सीमारेषेवर एक तिसरा प्रकार विसाव्या शतकात रुजला. उद्ध्वस्त वास्तू पुन्हा उभारायची, तिच्यात त्या काळच्या पोशाखातील माणसांना वावरू द्यायचे आणि ‘असे घडले’ याऐवजी ‘असे घडत आहे’ हा प्रत्यय पाहणाऱ्याला द्यायचा, असे त्याचे स्वरूप आहे. ‘जिवंत इतिहास’ या नावाने तो ओळखला जातो. स्टॉकहोम येथे १८९१ मध्ये आर्टुर हाझेलियस यांनी उघडलेले स्कान्सेन हे त्याचे पूर्वरूप. १९२६ पासून जीर्णोद्धार झालेले अमेरिकेतील विल्यम्सबर्ग हे त्याचे अधिक परिचित उदाहरण. पर्यटनाची बाब म्हणून साहित्यसमीक्षेने या प्रकाराकडे फारसे पाहिलेले दिसत नाही. वस्तुतः येथे संहिता आहे, पात्रे आहेत, नेपथ्य आहे आणि प्रेक्षकही आहे. तेव्हा निवड कोणाची, निवेदन कोणाचे आणि मौन कशाविषयी, हे समीक्षेचे नेहमीचे प्रश्न येथेही विचारता येतात. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील लुईबर्ग दुर्गाच्या संदर्भात ते विचारण्याचा येथे प्रयत्न आहे.

युट्रेक्टच्या तहाने न्यूफाउंडलंड आणि अकेडिया गमावल्यावर फ्रेंचांनी १७१३ मध्ये केप ब्रेटन बेटावर ही वसाहत वसवली. हे बेट मूळचे मिकमाक लोकांचे. त्यांच्या भाषेत त्याचे नाव उनामाकी. कॉड मासळीचा व्यापार हा लुईबर्गचा प्राण होता; तट आणि बुरूज त्या व्यापाराच्या रक्षणासाठी उभे राहिले. १७४५ मध्ये विल्यम पेपरेल याच्या नेतृत्वाखालील न्यू इंग्लंडच्या फौजेने आणि ब्रिटिश आरमाराने सुमारे सहा आठवड्यांच्या वेढ्यानंतर दुर्ग घेतला. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहाने तो फ्रेंचांना परत मिळाला. याच तहात फ्रेंचांनी १७४६ मध्ये जिंकलेले मद्रास इंग्रजांकडे परत गेले. साताऱ्यात शाहू महाराजांची कारकीर्द अखेरीस आली होती, त्या सुमारास कोरोमंडल किनाऱ्यावरील एक ठाणे आणि उत्तर अटलांटिकच्या धुक्यातील एक बंदर एकाच तराजूत तोलले गेले, ही गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १७५८ मध्ये दुर्ग पुन्हा पडला आणि १७६० मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून त्याची तटबंदी उद्ध्वस्त केली. पुढची दोनशे वर्षे तेथे गवताखाली दडलेले दगडांचे उंचवटे तेवढे उरले.

कॅनडाच्या शासनाने १९६१ मध्ये पुनर्रचना हाती घेतली आणि मूळ नगराचा सुमारे एक चतुर्थांश भाग पुन्हा उभा केला. या कामामागे अभ्यास मोठा होता. फ्रेंच प्रशासनाची कागद राखण्याची शिस्त येथे कामी आली. निरनिराळ्या देशांच्या दप्तरखान्यांतून सुमारे साडेसात लाख पाने आणि पाचशे नकाशे-आराखडे यांच्या प्रती मिळवण्यात आल्या. त्यांना उत्खननाची जोड मिळाली. कोणत्या घरात किती खिडक्या होत्या, कोणत्या मृताच्या घरी कोणती भांडी निघाली, इतका तपशील उपलब्ध असलेली वसाहत विरळाच. या अर्थाने लुईबर्ग ही पुराव्याच्या तळटीपांतून उभी राहिलेली वास्तू आहे. मात्र पाहणाऱ्याला तळटीपा दिसत नाहीत. त्याला भिंती दिसतात. जेथे कागद स्पष्ट बोलतो तेथील भिंत आणि जेथे अभ्यासकाला तर्काने पोकळी भरावी लागते तेथील भिंत, या दोन्ही सारख्याच घट्ट असतात. ग्रंथात ‘बहुधा’, ‘संभवतः’ असे शब्द योजता येतात. दगडात ‘बहुधा’ लिहिता येत नाही. या प्रकाराची ही पहिली आणि मूलभूत मर्यादा होय.

भेट देणारा दोफॅं दरवाजापाशी येतो तेव्हा निळ्या-पांढऱ्या गणवेशातील पहारेकरी त्याला अडवतो, कोठून आला म्हणून दरडावतो आणि इंग्रजांचा हेर असल्याचा आळही घेतो. भेट देणारा हसतो. मराठी माणसाला हा प्रसंग अपरिचित वाटू नये. शिपायाच्या वेशात दारी येऊन घरधन्याला ‘चला ठाण्यावर’ म्हणून दटावणारा बहुरूपी आपल्या गावगाड्याने पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. त्याचे सोंग ओळखले जाते म्हणूनच ते रंगते. खरा शिपाई समजून कोणी भ्याला तर खेळ मोडतो आणि हा तर अमक्याचा मुलगा, असे म्हणून कोणी दार लावून घेतले तरीही मोडतो.

या प्रत्ययाचे शास्त्रीय विवेचन भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी केलेले आहे. अभिनवगुप्ताच्या टीकेतून आपल्याला ज्ञात असलेला शंकुक नटाच्या ठायी होणाऱ्या रामाच्या प्रतीतीला चित्रातील घोड्याची उपमा देतो. ती प्रतीती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यबुद्धीही नव्हे. या चौघांहून ती वेगळी आहे. दरवाजातील पहारेकरी हा असा चित्रतुरग आहे. प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा अधिक खरी भासू लागते, अशी पाश्चात्त्य चिंतकांनी अशा स्थळांवर केलेली टीका प्रसिद्ध आहे. परंतु तीत प्रेक्षक भोळा आहे, असे गृहीत धरलेले असते. शंकुकाचा प्रेक्षक भोळा नाही. त्याला घोडा दिसतो आणि रंगही दिसतात.

लुईबर्गमधील उत्तम क्षण या दुहेरी भानातून निर्माण होतात. खानावळीत भेट देणाऱ्याच्या गळ्यात मोठा रुमाल बांधला जातो आणि जेवायला केवळ चमचा मिळतो. राजाच्या भटारखान्यात सैनिकाचा जाडाभरडा पाव विकत मिळतो. तो चावताना दातांना जे कळते ते वर्णनातून कळत नाही. सैनिकांच्या बराकी आणि गव्हर्नरचे दालन एकाच इमारतीत आहेत. फळीच्या बिछान्यांवरून रेशमी पडद्यांपर्यंत काही पावलांत जाणारा माणूस अठराव्या शतकातील वर्गव्यवस्था पायांनी वाचतो. हे ज्ञान देहाला होते आणि ते देण्याचे सामर्थ्य ग्रंथापेक्षा या प्रकारात अधिक आहे, हे मान्य करावयास हवे.

प्रश्न उद्भवतो तो काळाच्या निवडीपाशी. कथनासाठी १७४४ चा उन्हाळा निवडण्यात आला. युद्धाची वार्ता आलेली आहे, वेढा अद्याप पडलेला नाही. बंदर गजबजलेले आहे, तोफा सज्ज आहेत. नाट्यदृष्ट्या ही निवड अचूक आहे, कारण प्रेक्षकाला ठाऊक असलेले भवितव्य पात्रांना ठाऊक नाही. परंतु याच वर्षाच्या डिसेंबरात लुईबर्गच्या शिबंदीने बंड केले. निकृष्ट शिधा, अपुरे सरपण, श्रमांचा बुडालेला मोबदला आणि कॅन्सोच्या स्वारीतील लुटीचा न मिळालेला वाटा ही त्याची कारणे होती. स्विस सैनिकांनी प्रारंभ केला आणि फ्रेंच सैनिक त्यांना मिळाले. पुढे त्यांच्यापैकी काहींना देहदंड झाला. वेशधारी निवेदकांचा भर हंगाम मात्र उन्हाळ्याचा. गोठलेल्या डिसेंबरात तेथे फारसे कोणी येत नाही. अशा रीतीने पर्यटनाच्या पंचांगाने इतिहासाची संहिता संपादित केली आहे. उन्हाळ्यात तोच सैनिक ढोलाच्या तालावर संचलन करतो, बंदुकीचा बार उडवतो आणि टाळ्या घेतो. त्याच्या क्रोधाला ऋतू मिळत नाही.

दुसरे मौन अधिक खोल आहे. १७१३ ते १७६० या काळात या वसाहतीत दोनशेहून अधिक गुलाम होते, हे संशोधनातून सिद्ध झाले आहे. गिनीमध्ये जन्मलेली मारी मार्गेरीत रोज १७३६ मध्ये एका अधिकाऱ्याच्या घरी विकली गेली. १७४४ च्या त्या निवडलेल्या उन्हाळ्यात ती गुलाम होती आणि तिचा मुलगाही त्याच घरी गुलाम होता. १७५५ मध्ये ती मुक्त झाली, मिकमाक पुरुषाशी तिने विवाह केला, खानावळ चालवली आणि १७५७ मध्ये तिचा मृत्यू झाला. मृत्यूनंतर केलेली तिच्या चीजवस्तूंची यादी उपलब्ध आहे. २००८ मध्ये कॅनडाने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाची व्यक्ती म्हणून मान्यता दिली. परंतु गुलामगिरीचे ‘सोंग’ आणायचे कसे? विल्यम्सबर्ग येथे १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला तेव्हा निषेध झाला. वेदनेचे मनोरंजन होईल, हे भय त्यामागे होते. ते भय अनाठायी नव्हते. मात्र प्रसंग न दाखवल्यास स्वच्छ स्वयंपाकघर आणि चकाकणारी भांडी एवढाच इतिहास उरतो. या पेचातून लुईबर्गच नव्हे, हा संपूर्ण प्रकारच अद्याप सुटलेला नाही. पाव आणि पोशाख यांचा प्रयोग होऊ शकतो. बेडीचा प्रयोग करताना चित्रतुरगाचा न्याय अपुरा पडतो, कारण तेथे प्रेक्षकाचे हसू हाच अपराध ठरतो.

तिसरे मौन पुनर्रचनेच्या स्वतःच्या इतिहासाविषयीचे आहे. १९६० च्या सुमारास केप ब्रेटनमधील कोळसा खाणी बंद पडू लागल्या. न्यायमूर्ती आयव्हन रँड यांच्या आयोगाने सुचवलेल्या उपायांत लुईबर्गच्या पुनर्रचनेचा समावेश होता. बेकार झालेले खाणकामगार दगड घडवण्याचे काम शिकले आणि त्यांनी हे तट बांधले. याच कामासाठी परिसरातील काही कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. म्हणजे आज जी भिंत अठराव्या शतकाची म्हणून दाखवली जाते, ती विसाव्या शतकातील कामगारांच्या जीवनाचे अस्सल स्मारक आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने उत्खनित अवशेषांवर पुनर्रचना नाकारली. लुईबर्गचे काम तोपर्यंत सुरू झालेले होते. ‘हे खोटे आहे’ असा त्या सनदेच्या आधारे निघणारा निष्कर्ष मात्र येथे घाईचा ठरेल. भिंत खोटी नाही. तिच्याबद्दलचे निवेदन अपुरे आहे. खाणीतून वर आलेला, टाकी-हातोडा हाती घेतलेला माणूस या प्रयोगात पात्र म्हणून का नाही, हा खरा प्रश्न आहे.

मराठी वाचकाला या विवेचनाचे प्रयोजन वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडणाऱ्या समाजाला पुनर्रचनेचे आकर्षण उपजतच आहे. ‘जाणता राजा’सारख्या महानाट्याने त्याला भव्य रूप दिले. जिंजीसह बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये समावेश झाल्यानंतर गडांवर काय उभारावे आणि काय उभारू नये, हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. लुईबर्गचा अनुभव सांगतो तो असा, की अपार कागदपत्रे हाती असतानाही निवड टळत नाही. मग तुटपुंज्या पुराव्यावर उभारलेल्या दगडाला किती सावध राहावे लागेल? गडावर सदर उभी राहील. पण वेठीला धरलेला वेठबिगार, दगड वाहणारी बाई, पायथ्याच्या वाडीतून उठवलेले कुटुंब यांना त्या प्रयोगात जागा मिळेल काय?

लुईबर्गला या प्रश्नाचे उत्तर निसर्गच देऊ लागला आहे. समुद्राची पातळी वाढत असून रॉशफोर टोकावरील जुनी दफनभूमी लाटांनी खचते आहे. २०१७ पासून विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तेथील सांगाडे उकरून त्यांचा अभ्यास आरंभला. १७४५-४६ च्या हिवाळ्यात वेढ्यापेक्षा कितीतरी अधिक न्यू इंग्लंडचे सैनिक रोगराईने याच नगरात मेले. एका टोकाला उन्हाळी पोशाखातील प्रसन्न नगर आणि दुसऱ्या टोकाला समुद्राने उघडी पाडलेली हाडे, अशी ही एकाच संहितेची दोन पाने आहेत. पहिल्या पानावरचा घोडा चित्रातील आहे, हे पाहणारा जाणतो. दुसऱ्या पानावर चित्र नाही. ही दोन्ही पाने एकत्र वाचावयास देईल तो जिवंत इतिहास खऱ्या अर्थाने इतिहास या नावास पात्र ठरेल.