निनावी मजकूर आणि आपली माणसे

समीक्षकाने काय वाचावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कविता, आत्मकथन, कादंबरी यांच्यावर चर्चासत्रे होतात, निबंध वाचले जातात, आणि ते झालेही पाहिजेत. परंतु माझ्या नात्यागोत्यातली माणसे रोज जे वाचतात ते यांपैकी काहीच नाही. त्यांच्या हाती मोबाइल आहे, मोबाइलवर कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्या ग्रुपवर सकाळच्या 'जयभीम'पाठोपाठ एक लांबलचक मजकूर येऊन पडतो. त्याला लेखक नाही, तारीख नाही, गाव नाही. शेवटी एक आज्ञा तेवढी असते: पुढे पाठवा. हा मजकूर कधी मुसलमानांविषयी असतो, कधी मातंगांविषयी, कधी परप्रांतातून आलेल्या मजुरांविषयी. हे वाङ्मय आहे की नाही, हा वाद विद्वानांनी घालावा. ते माणसाचे मन घडवते, एवढे मला पुरे आहे. म्हणून त्याची समीक्षा झाली पाहिजे. आणि मी मराठीची प्राध्यापिका असले, तरी ही समीक्षा मला वर्गात करण्याआधी माझ्या चुलत्यांसमोर, दाजींसमोर आणि सासऱ्यांसमोर करावी लागते.

आपल्या चळवळीला निनावी मजकुराची सवय नव्हती. सत्यशोधक जलसा असो की आंबेडकरी जलसा, गाणारा माणूस समोर उभा असे. त्याला प्रश्न विचारता येत, प्रसंगी त्याच्यावर दगडही येत. 'मूकनायक' १९२० साली निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घेणारा माणूस तेथे होता. छापील कागदावर मुद्रकाचे नाव असलेच पाहिजे, असा कायदा इंग्रजांनी या देशात १८६७ सालीच केला होता. तो त्यांनी आपल्यावर लक्ष ठेवण्यासाठी केला हे खरे. पण त्यातून एक गोष्ट आपल्याही अंगवळणी पडली, की कागद कोणाचा हे आधी पाहावे. आज माझे चुलते मेसेज पाठवतात तेव्हा तो त्यांचा नसतो. "मी कुठं म्हणलो? आलं ते पाठवलं," असे ते म्हणतात. म्हणजे विष वाटणारा कोणीच नाही, आणि विष मात्र घरोघर पोचले आहे.

या मजकुराची घडण एकदा नीट पाहावी. सुरुवातीला नात्याची हाक असते: बंधूंनो, जागे व्हा. मध्ये एखादा आकडा असतो, तो कोठून आला हे कधीच सांगितलेले नसते. शेवटी लाज घातलेली असते: खरे भीमसैनिक असाल तर दहा जणांना पाठवाल. एकदा मला एकच मजकूर दोन ठिकाणांहून आला. सहकाऱ्यांच्या ग्रुपवर तो एका देवाच्या जयघोषाने सुरू झाला होता; आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्याच्या डोक्यावर 'जयभीम' होते आणि खालीही 'जयभीम'. मधली ओळ न् ओळ तीच. कोणीतरी दुसऱ्याच कोठारातले धान्य आपल्या पोत्यात भरून आपल्या दारी आणून टाकले होते, आणि पोते ओळखीचे म्हणून आम्ही ते घरात घेतले.

तो आणणारा आमच्यातला अडाणी माणूस असेल असे कोणाला वाटेल. तसे नाही. माझ्या आईला वाचता येत नाही. ती असले काही पाठवत नाही. सर्वांत जास्त पाठवतात ते माझे दाजी. ते बँकेत अधिकारी आहेत. शहरात मिश्र वस्तीच्या सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला. ज्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो बैठकीत लावावा की आतल्या खोलीत, यावर चर्चा होते, अशा घरांपैकी ते एक. (फोटो बैठकीतच आहे, हे ताईचे श्रेय.) सोसायटीच्या ग्रुपवर आरक्षणाविरुद्ध मजकूर येतो तेव्हा दाजी गप्प बसतात. मुसलमानांविरुद्ध आला की तेथे अंगठा उंचावतात आणि मग तोच आमच्याकडे पाठवतात. मी हे पुष्कळ दिवस पाहिले आहे. त्यांचा मुसलमानांवर राग आहे असे मला वाटत नाही. लहानपणी ते ज्या मोहल्ल्याशेजारी वाढले, तेथल्या माणसांविषयी ते आजही मायेने बोलतात. हा मजकूर म्हणजे त्यांनी भरलेली प्रवेश फी आहे. तुमच्याबरोबर आम्हीही 'त्यांच्या'विरुद्ध आहोत, एवढे म्हटले की जिन्यात भेटणारा शेजारी तेवढ्यापुरता जात विसरतो. पांढरपेशा झालेल्या दलिताची ही कोंडी आपल्या साहित्यात अजून पुरेशी आलेली नाही. नोकरी मिळाली, घर मिळाले; शेजार अजून मिळायचा आहे, आणि तो मिळवण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी वेशीबाहेर काढावे लागते आहे.

म्हणून दाजींना केवळ आकडे देऊन भागत नाही. तरी आकडे दिलेच पाहिजेत, कारण खोटा आकडा तसाच पडून राहिला तर तो खरा होऊन बसतो. मुसलमानांची संख्या काही वर्षांत हिंदूंच्या वर जाणार, हा त्यांचा नेहमीचा मजकूर. २००१ च्या जनगणनेत मुसलमान १३.४ टक्के होते, २०११ च्या जनगणनेत १४.२ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, मुसलमान स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती आणि हिंदू स्त्रीमागे ३.३. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, हेच आकडे २.३६ आणि १.९४ झाले. दोघीही कमी मुले होऊ देत आहेत, आणि मुसलमान स्त्रियांमधली घट जास्त वेगाची आहे. हे मी दाजींना लिहून पाठवले. पुढे एवढेच विचारले: "दाजी, 'ह्यांना पोरंच फार' हे आपल्या वस्तीविषयी कोण कोण म्हणायचं, आठवतं का?" त्याचे उत्तर त्यांनी ग्रुपवर दिले नाही, रात्री फोन केला, आणि बराच वेळ वसतिगृहाच्या दिवसांविषयी बोलत राहिले.

याहून अवघड मजकूर असतो तो बाबासाहेबांच्या नावाचा. फाळणीच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९४० साली ग्रंथ लिहिला. त्यात मुस्लिम राजकारणाची आणि मुस्लिम समाजातल्या रूढींची कठोर चिकित्सा आहे. त्यातली चार वाक्ये तोडून फिरवली जातात आणि 'बाबासाहेबसुद्धा असे म्हणाले होते' असा शिक्का मारला जातो. याला 'बाबासाहेब असे म्हणालेच नाहीत' हे उत्तर देऊन चालणार नाही. ते खोटे ठरेल आणि समोरचा पान काढून दाखवेल. उत्तर असे द्यावे लागते, की तो ग्रंथ दोन्ही बाजूंची झडती घेतो. त्याच ग्रंथात हिंदू समाजाच्या सामाजिक कुजकेपणावरही तितकेच कठोर लिहिले आहे, आणि हिंदुराज्य प्रत्यक्षात आले तर ते या देशावरचे मोठे संकट ठरेल, असा इशाराही आहे. ज्याला पहिली चार वाक्ये मान्य आहेत त्याने हीही वाचावीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषदेसाठी हिंदूंपैकी कोणी जागा देईना, तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. हे आपल्या लोकांना सांगावे लागते, याचे मला वाईट वाटते.

या मजकुरांचा परिणाम केवळ मने बिघडण्यापर्यंत थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या काळात मोबाइलवरून फिरत होता. मेलेले भटके, आणि ज्या गावात मेले ते आदिवासींचे. लिहिणारा कोण होता? त्याचे नाव त्या मजकुराखाली नव्हते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसे आणि पाच ठिकाणे, हा योगायोग मला अजून टोचतो.

आता आपल्या घरातल्या घाणीविषयी. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना आहे असा निर्णय दिला. (तो दिवस अण्णाभाऊंच्या जयंतीचा होता.) या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात, माझ्याही मनात शंका आहेत आणि त्या मी उघड मांडते. पण त्या आठवड्यात आमच्या बौद्ध नातेवाइकांच्या ग्रुपवर मातंग समाजाविषयी जे आले, ते मतभेदाचे नव्हते. त्यात 'लायकी' हा शब्द होता. ते कधी शिकलेच नाहीत, ते कधी चळवळीत आलेच नाहीत, आता आयते मागतात, असे होते. आरक्षणाविरुद्ध जी भाषा आमच्यावर वापरली गेली, तिच्यातली नावे तेवढी बदलली होती. माझ्या एका विद्यार्थ्याने मला त्यांच्या बाजूचा मजकूर दाखवला. त्यात आम्ही सगळे गिळून बसलेले होतो. दोन्ही मजकूर एकाच हाताने लिहिले असावेत इतके सारखे.

यावर मी चुलत्यांना मुक्ता साळवे यांच्या निबंधाविषयी सांगितले. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या त्या मांग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. शीर्षकातच तिने मांग आणि महार यांचे दुःख एकत्र बांधले आहे. चौदा वर्षांच्या मुलीला जे कळले ते पेन्शन घेणाऱ्या माणसाला का कळू नये, हा प्रश्न मात्र मी त्यांना विचारला नाही. लेकीने चुलत्याला असे विचारू नये, ही मर्यादा मी अजून पाळते. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, हेही सांगितले. चुलते म्हणाले, "तू म्हणतीस ते खरं हाय, पण आपल्या जागा जातील त्याचं काय?" हा खरा प्रश्न होता. मजकुराखाली दडलेला प्रश्न असा वर आला की मग बोलता येते: जागा कमी का होत आहेत, भरती कोठे अडली, कंत्राटी नेमणुकांत आरक्षणाचे काय झाले. हे बोलणे लांबलचक असते आणि त्याला 'पुढे पाठवा' म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या कार्यकर्त्यांना आवडणार नाही. आपण आपल्या अभिमानाचे मजकूर तपासत नाही. बाबासाहेबांकडे बत्तीस पदव्या होत्या, ते चौसष्ट विषयांत पारंगत होते, कोलंबिया विद्यापीठाने त्यांना जगातला पहिल्या क्रमांकाचा विद्वान ठरवले, असे मजकूर दर १४ एप्रिलला आपणच फिरवतो. कोलंबियाने आपल्या २५० व्या वर्षानिमित्त २००४ साली काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची जी यादी केली तिच्यात बाबासाहेब आहेत; ती जगातल्या विद्वानांची क्रमवारी नव्हती. १९१५ साली कोलंबियाची एम.ए., १९२३ साली लंडनची डी.एस्सी., १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी., आणि मध्ये बॅरिस्टरी. त्या काळात, त्या जातीत जन्मून, पैशाची ती ओढाताण सोसून. याला फुगवण्याची गरज कोणाला वाटते? ज्याला खरे अपुरे वाटते त्याला. द्वेषाचा आकडा कोठून आला असे मी दाजींना विचारायचे आणि गौरवाच्या आकड्यावर टाळी वाजवायची, हे मला जमत नाही. हा मजकूर मी ग्रुपवर दुरुस्त केला तेव्हा जितका राग आला, तितका मुसलमानांविषयीच्या मजकुराला विरोध केल्यावरही आला नव्हता. एका दिरांनी लिहिले, "वहिनी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

येथे बाई असण्याचा प्रश्न येतो. माहेरच्या ग्रुपवर मी शिकलेली लेक आहे. माझे चुकले तरी कौतुकाने घेतात. सासरच्या ग्रुपवर मी सून आहे. सासरे मजकूर पाठवतात आणि त्याखाली सुनेने 'हे खोटे आहे' लिहायचे, तर त्या मजकुराचा खरेखोटेपणा बाजूला राहतो आणि माझ्या वळणाची चर्चा सुरू होते. म्हणून तेथे मी चारचौघांत लिहीत नाही. जेवणे झाल्यावर विचारते, "मामंजी, ते सकाळचं मला वाचून दाखवता का?" ते मोठ्याने वाचतात. हा प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. डोळ्यांनी गिळलेला मजकूर तोंडाने उच्चारताना माणूस अडखळतो. आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते, असा एक मजकूर त्यांना कोणी पाठवला होता आणि तो त्यांना पटलाही होता! राज्यघटनेचे कलम ३३४ मी त्यांना काढून दिले. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांना. ती वेळोवेळी वाढत गेली आणि १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांसाठीचे कलम १६(४) आणि शिक्षणासाठी १९५१ साली आलेले १५(४), यांत मुदतच नाही. मामंजींनी चष्मा काढून ते तीनदा वाचले. राखीव जागेवर पस्तीस वर्षे नोकरी केलेला हा माणूस. ती नोकरी मुदत संपल्यावर मिळालेली मेहेरबानी होती, असे काही महिने मनात धरून बसला होता.

फाळणीवरच्या ग्रंथाबाबत मी जे लिहिले होते, त्यावर माझा मामेभाऊ बरेच दिवस चिडलेला होता. गेल्या महिन्यात त्याने विचारले, "ताई, ते पुस्तक कितव्या खंडात आहे?" शासनाने प्रकाशित केलेल्या इंग्रजी खंडांपैकी आठव्या, असे मी कळवले. तो म्हणाला, इंग्रजी झेपणार नाही, मराठी मिळेल का? मराठी अनुवाद आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो न्यायला येणार आहे.